उन्हाळ्यात विमानाला धावपट्टी लांब का लागते?



बीडहून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जाणारा रस्ता तुमच्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा असेल. कापसाच्या गाठींनी भरलेले ट्रक या रस्त्याला नवे नाहीत. अशाच एका ट्रकची आणि एका विमानाची गाठ २६ एप्रिल १९९३ रोजी या रस्त्यावर पडली. आजचा आपला पाठ तेथूनच सुरू करू.

त्या दिवशी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ जातीचे विमान दिल्ली, जयपूर, उदयपूर असे थांबे घेत औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावर आले होते. तेथून ते मुंबईला जाणार होते. दुपारी एकच्या सुमारास त्याने पूर्वेकडे तोंड करून धाव घेतली. विमान चांगलेच भरलेले होते आणि हवा तापलेली होती. जवळजवळ धावपट्टी संपता संपता त्याची चाके जमिनीवरून सुटली. पट्टीच्या टोकाबाहेरून बीडचा रस्ता जात होता आणि त्यावरून एक ट्रक कापसाच्या दाबलेल्या गाठी घेऊन उत्तरेकडून दक्षिणेकडे चालला होता. विमानाची डावीकडची चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग या ट्रकवर आदळला. आदळला तो रस्त्यापासून सुमारे सात फूट उंचीवर. जखमी विमान तसेच पुढे गेले, सुमारे तीन किलोमीटरवर विजेच्या उच्च दाबाच्या तारांना अडकले आणि जमिनीवर कोसळले. विमानात ११८ माणसे होती. त्यांतील ५५ दगावली, ६३ वाचली.

सात फूट हा आकडा लक्षात ठेवा. त्याची तुलना आपल्याला पुढे दुसऱ्या एका आकड्याशी करायची आहे.

चौकशीअंती जी कारणे नोंदली गेली ती दोन होती. पहिले, वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा उचलायला घेतले आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दुसरे, विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्याची व्यवस्था विमानतळ प्राधिकरणाने ठेवली नव्हती. इंजिन बंद पडले, पंख मोडला, असे काही त्यात नाही. म्हणजे एक धडधाकट विमान काही फूट उंची कमी पडल्यामुळे गेले. ही उंची कशी कमी पडते आणि ती कमी पडू नये म्हणून वैमानिकाला काय शिकवतात, ते समजायला तुमच्या नववी-दहावीच्या पुस्तकातले पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

गरम हवा हलकी, मग विमान जड का?

हा प्रश्न मी वर्गात विचारला की उत्तर बहुधा उलटे येते. मुले म्हणतात, "सर, गरम हवा वर जाते, म्हणजे उन्हाळ्यात विमान लवकर वर जायला पाहिजे." हे उत्तर फुग्याचे आहे. फुग्यात गरम हवा आत असते आणि थंड हवा बाहेर. विमान ज्या हवेत पोहते तीच गरम असेल, तर फायदा नव्हे, तोटा होतो.

पंख हवेतून पुढे सरकतो तेव्हा तो हवेला खाली ढकलतो आणि हवा त्याला वर ढकलते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचेच हे एक रूप. या वर ढकलणाऱ्या बलाला उत्थापक बल म्हणतात. आपण त्याला साध्या भाषेत उचल म्हणू. तिचे सूत्र असे आहे:

उचल = ½ × हवेची घनता × (वेग)² × पंखांचे क्षेत्रफळ × उचल-गुणांक

उचल-गुणांक मुख्यतः पंखाचा आकार आणि पंख समोरून येणाऱ्या हवेशी करतो तो कोन यांवर ठरतो. हा कोन वाढवला की काही मर्यादेपर्यंत उचल वाढते. मर्यादा ओलांडली की हवेचा प्रवाह पंखाच्या पाठीवरून सुटतो आणि उचल एकदम कोसळते. वैमानिक याला 'स्टॉल' म्हणतात.

आता सूत्रातल्या घनतेकडे पाहा. वायूची घनता दाबाच्या सम प्रमाणात आणि केल्विन तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. कोरड्या हवेसाठी

घनता = दाब ÷ (२८७ × केल्विन तापमान)

यात दाब पास्कलमध्ये घ्यायचा, म्हणजे घनता किलोग्रॅम प्रति घनमीटर येते. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सियसला ती १.२२५ येते. जगभरचे विमान-अभियंते हीच हवा 'प्रमाण हवा' मानतात.

चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून ५८२ मीटर उंच आहे. आपल्या पठारावर दर शंभर मीटरला हवेचा दाब ढोबळमानाने १२ मिलिबारने उतरतो. त्या हिशेबाने तेथे दाब साधारण ९४५ मिलिबार, म्हणजे ९४,५०० पास्कल भरतो. एप्रिलच्या दुपारी मराठवाड्यात ४० अंश ही काही बातमी नव्हे. ४० अंश सेल्सियस म्हणजे ३१३ केल्विन. भागाकार करा: घनता १.०५ येते. प्रमाण हवेपेक्षा १४ टक्के कमी!

प्रमाण हवेत एवढी विरळ हवा शोधायची तर सुमारे १५६० मीटर उंच चढावे लागेल. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे आहे. म्हणजे चिकलठाण्याच्या धावपट्टीवर भर दुपारी उभ्या असलेल्या विमानाला आपण जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर उभे आहोत असेच 'वाटत' असते. वैमानिकांच्या भाषेत या मानलेल्या उंचीला घनता-उंची म्हणतात आणि उड्डाणाच्या हिशेबात तिची नोंद आधी घेतली जाते.

बाष्पाविषयी एक शब्द. दमट हवेला आपण 'जड' हवा म्हणतो, पण ती प्रत्यक्षात हलकी असते. पाण्याच्या रेणूचा भार १८, तर कोरड्या हवेच्या रेणूंचा सरासरी भार २९. बाष्प मिसळले की जड रेणूंची जागा हलके रेणू घेतात. मात्र हा फरक आपल्याकडे साधारण एक टक्क्याचा. खरा वैरी तापमान हाच.

किती मीटर जास्त?

समजा, एका मध्यम प्रवासी विमानाला प्रमाण हवेत जमीन सोडायला सेकंदाला ७० मीटर वेग लागतो आणि त्याची इंजिने त्याला १.६ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे त्वरण देतात. (हे आकडे मी हिशेबासाठी घेतले आहेत, ते १९९३ च्या त्या विमानाचे नव्हेत.) तुमच्या ओळखीचे सूत्र वापरा:

अंतर = (वेग)² ÷ (२ × त्वरण) = ४९०० ÷ ३.२ = १५३१ मीटर

आता हेच विमान ४० अंशांच्या हवेत आणा. वजन तेवढेच, म्हणून उचलही तेवढीच हवी. घनता ०.८६ पट झाली, तेव्हा वेगाचा वर्ग १.१६ पट व्हायला हवा. वेग ७० ऐवजी साडेपंचाहत्तर झाला. एवढ्यावर भागत नाही. इंजिनही हवाच ओढते आणि हवाच मागे फेकते. हवा विरळ, तर रेटाही कमी. रेटा घनतेच्या प्रमाणात घटतो असे धरले तर त्वरण १.३७ वर येते. म्हणजे धावायचे जास्त वेगापर्यंत आणि वेग वाढणार सावकाश. दोन्ही बाजूंनी मार! अंतर १.१६ × १.१६ म्हणजे सुमारे १.३५ पट होते. १५३१ चे झाले २०७५ मीटर. उन्हाने अर्धा किलोमीटर धावपट्टी खाल्ली.

विमानातला वेगदर्शक मात्र या फरकाची दाद लागू देत नाही. तो चाकावरून वेग मोजत नाही; समोरून नळीत शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून मोजतो. पिटो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ मध्ये नदीच्या प्रवाहासाठी शोधलेली ही नळी. हा दाब ½ × घनता × (वेग)² एवढा असतो. उचलीच्या सूत्रातही हाच तुकडा आहे. म्हणून थंड हवेत ज्या आकड्यावर विमान सुटते, तापलेल्या हवेतही काटा त्याच आकड्यावर आला की ते सुटते. वैमानिकाला काट्यावर काहीच वेगळे दिसत नाही. खालची जमीन मात्र आता सेकंदाला साडेपंचाहत्तर मीटर या गतीने मागे पळत असते. तेव्हा 'अंगवळणी पडलेला अंदाज' येथे फसवतो. काट्यावर न दिसणारी ही गोष्ट आधी कागदावर पाहावी लागते.

वजनाचेही तसेच. वजन दहा टक्के वाढले तर लागणाऱ्या वेगाचा वर्ग दहा टक्के वाढतो आणि तेच इंजिन जास्त वस्तुमान ढकलत असल्याने त्वरण घटते. अंतर १.१ × १.१ म्हणजे १.२१ पट. २०७५ चे २५११ मीटर! जागा रिकाम्या दिसत असूनही 'आज इतकेच प्रवासी घेणार' असे विमान कंपनी सांगते तेव्हा काउंटरवर वाद घालणाऱ्यांना हा गुणाकार कोणी दाखवत नाही, ही खेदाची गोष्ट. उलट, समोरून सेकंदाला पाच मीटरचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग तेवढा कमी पुरतो आणि अंतर सुमारे १३ टक्क्यांनी घटते. विमाने वाऱ्याच्या तोंडाला उडतात ती यासाठी. आणि पहाटे १० अंश तापमान असताना आपले मूळ विमान याच पट्टीवरून १७०० मीटरांत सुटेल. उष्ण प्रदेशांतली लांब पल्ल्याची जड विमाने रात्री किंवा पहाटे सोडण्यामागे हेही एक कारण असते.

तीन वेग

आता वैमानिकांच्या कक्षात जाऊ. धावपट्टीवर येण्यापूर्वीच दोघा वैमानिकांनी त्या दिवशीचे वजन, तापमान, दाब, वारा आणि पट्टीची लांबी यांवरून तीन वेग काढून ठेवलेले असतात. त्यांची नावे व्ही-वन, व्ही-आर आणि व्ही-टू.

व्ही-वन हा निर्णयाचा वेग. त्याच्या आत काही बिघडले तर ब्रेक मारून उरलेल्या पट्टीत थांबता येते. तो ओलांडल्यावर मात्र थांबायचे नाही. एक इंजिन गेले असले तरी उडायचे. हे ऐकून अंगावर काटा येतो, पण गणित पाहा. आपल्या तापलेल्या हवेतल्या विमानाने ६५ मीटर प्रति सेकंदाला थांबायचे ठरवले तर तोपर्यंत ते १५३७ मीटर धावलेले असेल. बिघाड ध्यानात येऊन ब्रेक लागेपर्यंत दोन सेकंद धरा: आणखी १३० मीटर. मग सेकंदाला तीन मीटर अशी गती कमी करत थांबायला ७०४ मीटर. एकूण २३७१. हाच निर्णय ७० वर घेतला तर बेरीज १७८३, १४० आणि ८१७ अशी २७४० मीटर होते. वेगात फरक फक्त पाच मीटरचा, पण थांबण्याच्या जागेत पावणेचारशे मीटरचा. या दोन वेगांमधला काळ किती? चार सेकंदांहूनही कमी. एवढ्या वेळात 'थांबू की जाऊ' याचा विचार करायला सुरुवात केली तर विचार पूर्ण होईपर्यंत पट्टी संपलेली असते. म्हणून निर्णय विमान उभे असतानाच घेऊन ठेवायचा असतो. दुसरा वैमानिक 'व्ही-वन' असे मोठ्याने उच्चारतो आणि त्या क्षणी कप्तान रेट्याच्या दांड्यांवरचा हात काढून घेतो. हात तेथे राहिला तर घाबरून तो दांड्या मागे ओढेल, ही भीती! मनुष्यस्वभावाला ओळखून केलेली ही तरतूद मला फार आवडते.

व्ही-आर म्हणजे नाक उचलायचा वेग. 'रोटेट' अशी आरोळी होते आणि वैमानिक सुकाणूची दांडी हळू पण सतत मागे ओढतो. शेपटीवरची आडवी पाती वर वळतात, शेपटी खाली दबते, नाक वर येते. पंखांचा हवेशी होणारा कोन वाढतो आणि उचल वजनापेक्षा जास्त होते. व्ही-टू हा एका इंजिनावर सुरक्षित चढता येईल असा वेग.

नियम असा की, एक इंजिन ऐन व्ही-वनच्या वेळी बंद पडले तरी हिशेबात धरलेले अंतर संपताना विमान जमिनीपासून ३५ फूट वर असले पाहिजे. दोन्ही इंजिने चालू असतील तर हीच उंची गाठायला लागणाऱ्या अंतरात वर १५ टक्के जादा धरायचे. बीड रस्त्यावर, दोन्ही इंजिने चालू असताना, विमानाचा खालचा भाग सात फुटांवर होता.

नाक उशिरा उचलले तर किती बिघडते? सेकंदाला ७५ मीटर. दोन सेकंद उशीर म्हणजे दीडशे मीटर. आणि सावकाश उचलले तर? नेहमीची रीत सेकंदाला तीन अंश अशी धरू. आठ अंशांवर विमान सुटत असेल तर पावणेतीन सेकंद लागतील. हेच दीड अंशाच्या गतीने केले तर सव्वापाच सेकंदांच्या वर. फरक सुमारे दोनशे मीटरचा. घाईने, झटका देऊन उचलले तर दुसरे संकट: शेपटी पट्टीला घासते किंवा रोध एकदम वाढून वेग वाढायचा थांबतो. तेव्हा नाक 'केव्हा' आणि 'किती गतीने' उचलायचे हा केवळ सवयीचा भाग नाही. तीनचारशे मीटर धावपट्टी त्यावर अवलंबून असते. थंड हवेत, हलक्या विमानात ही चूक खपून जाते. वैमानिकाच्या लक्षातही येत नाही. वर्षानुवर्षे खपलेली चूक एखाद्या तापलेल्या दुपारी वसूल होते.

अशा अपघातानंतर 'वैमानिकाची चूक' एवढे दोन शब्द लोकांच्या ध्यानात राहतात. चौकशीने रस्त्याचेही कारण त्याच्याच जोडीला ठेवले होते, हे विसरू नका. रेल्वेच्या फाटकाप्रमाणे रस्ता काही मिनिटे अडवलेला असता तर तेथे ट्रक नसता. एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी झेलली जावी, अशा रीतीने सुरक्षेची रचना केलेली असते. त्या दुपारी दोन्ही ठिकाणी भगदाड होते.

संकटाचा सराव

इंजिन बंद पडण्याचा सराव प्रवासी घेऊन कोणी करीत नाही. त्यासाठी सिम्युलेटर असतो. हुबेहूब विमानाचा कक्ष, जॅकवर तोललेला, समोर पडद्यावर धावपट्टी. आपल्या देशात प्रवासी विमानांच्या वैमानिकांची दर सहा महिन्यांनी परीक्षा होते आणि तीत नेमके व्ही-वनला एक इंजिन बंद करण्याचा प्रयोग हमखास असतो. अशा वेळी काय होते? चालू इंजिन विमानाच्या मध्यरेषेपासून दूर असते. बल गुणिले अंतर म्हणजे आघूर्ण. ते विमानाला बंद इंजिनाच्या बाजूला फिरवू पाहते. वैमानिकाने शेपटीवरचे उभे सुकाणू पायाने दाबून उलट आघूर्ण द्यायचे. दाबायचा पाय चुकला तर दोन्ही आघूर्णे एकाच दिशेची होतात! येथे विचाराला वेळ नसतो, पायालाच ते माहीत असावे लागते.

मग विमान चढते ते किती? दोन इंजिनांच्या विमानाने एका इंजिनावर, चाके आत घेतल्यावर, निदान २.४ टक्के चढाव राखला पाहिजे असा दंडक आहे. एक किलोमीटर पुढे गेल्यावर उंची वाढणार फक्त २४ मीटर. पुष्कळदा उन्हाळ्यात विमानाचे वजन पट्टीच्या लांबीमुळे नव्हे, तर या चढावामुळे कमी करावे लागते. आणि एवढ्या तुटपुंज्या चढणीवर असताना वैमानिकाला आणखी एक गोष्ट शिकवलेली असते: सुरक्षित उंची मिळेपर्यंत बिघडलेल्या इंजिनाच्या मागे लागू नका. आधी विमान उडवा, मग दिशा पाहा, मग नियंत्रण कक्षाशी बोला. घाईने भलतेच, चालू असलेले इंजिन बंद केल्याची उदाहरणे विमानविद्येच्या इतिहासात आहेत.

शिकाऊ वैमानिकाची गोष्ट याहून साधी, कारण त्याच्या विमानाला इंजिनच एक. बारामती, गोंदिया येथे अशी प्रशिक्षण केंद्रे आहेत. समजा, सेस्ना १७२ या छोट्या विमानाचे इंजिन ९०० मीटर उंचीवर बंद झाले. ते दगडासारखे पडत नाही. दर मीटर उंची खर्च करून ते सुमारे नऊ मीटर पुढे जाते, पण वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास राखला तरच. म्हणजे आठ किलोमीटरचा टप्पा आणि चार मिनिटे हाताशी. शिक्षक मध्येच रेटा शून्यावर आणतो आणि विचारतो, "आता कुठे उतरशील?" ज्याने आधीपासून खाली लक्ष ठेवलेले नाही त्याला उत्तर येत नाही. खाली उभा ऊस आहे की नांगरलेली काळी जमीन, तारा कुठून जातात, वारा कुठला आहे, हे सर्व चांगले उडत असतानाच पाहायचे. नांगरटीत उतरायचे तर तासांच्या ओळीने, आडवे नव्हे. आणि वाऱ्याच्या तोंडाला. विमान हवेतून ताशी १०० ने येत असेल आणि वारा २० चा असेल, तर समोरून वारा घेतल्यास जमिनीवरचा वेग ८०, पाठीमागून घेतल्यास १२०. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर असते. १२० चा वर्ग भागिले ८० चा वर्ग करा. सव्वादोन पट ऊर्जा जिरवावी लागेल, तीही त्याच शेतात.

उड्डाणानंतर लगेच इंजिन गेले तर मागे वळून पट्टीवर यावे असा मोह प्रत्येकाला होतो. शिक्षक तो मोह मोडून काढतात. पंचेचाळीस अंश कलून वळायचे तर उचलीचा फक्त काही भाग वजन पेलतो, उरलेला वळण्यात जातो. त्यामुळे एकूण उचल वजनाच्या १.४१ पट लागते आणि स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो. उंची थोडी, वेग थोडा आणि स्टॉल जवळ आलेला. त्यापेक्षा समोरचे वावर बरे.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. बीड समुद्रसपाटीपासून सुमारे ५१५ मीटर उंच आहे. हवेचा दाब ९५३ मिलिबार धरा. एका छोट्या विमानाला डिसेंबरच्या पहाटे, १२ अंश तापमानात, जमीन सोडायला ४०० मीटर लागतात. पट्टी ४५० मीटरची आहे. तेच विमान, तेवढ्याच वजनाने, वारा नसताना, मे महिन्यात दुपारी ४२ अंशांना तेथून सुटेल का? दोन्ही वेळची घनता काढा, गुणोत्तराचा वर्ग करा आणि उत्तर आले की मगच ठरवा, उड्डाण करायचे, वजन उतरवायचे की संध्याकाळपर्यंत थांबायचे.